डावी बाजू मेली

आमच्या ह्यांना गाण्यांचा भारी नाद. आमचं दुकान शिंप्याचं, दिवसभर मशीनची खडखड, त्यामुळे कानात काहीतरी अडकवल्याशिवाय ह्यांचा हात चालत नाही. आधी वॉकमन होता, तो गल्लीभर मिरवून झाला. मग सीडीवाला आला, तो मशीनच्या हादऱ्याने अडखळायचा. मग काडेपेटीएवढा एमपीथ्री, फोनचे वायरवाले इअरफोन, आणि आता बिनवायरीचे. त्यातला एक चिंध्यांत पडला की अख्खं दुकान झाडायचं.

एमपीथ्रीपासून तक्रार मात्र एकच. "याची डावी बाजू मेली." असं म्हटलं की गेला तो खोक्यात, आणि आला नवा. टाकायचं मात्र काही नाही.

मशीनचं चाक उजवीकडे, कापडाचा पसारा डावीकडे. म्हणून माझं स्टूल डावीकडे. तिथे बसून मी काजं-बटणं करते आणि बोलते. हे मान खाली घालून शिवत राहायचे. कान मोकळे असले तरी तेच, पालथ्या घड्यावर पाणी. लेक नोकरीसाठी परगावी गेली, तेव्हा मी सगळी लाज गुंडाळून म्हटलं होतं, "तुम्ही आहात म्हणून करमतं मला." ह्यांनी धागा तोडला आणि कात्री मागितली. मला फार लागलं ते. त्यानंतर मी कामापुरतंच बोलू लागले.

परवा लेक आली. खोका भंगारात द्यायचं ठरलं, पण तीही बापाचीच लेक. एकेक लावून बघत बसली.

"आई, सगळ्यांच्या दोन्ही बाजू छान वाजतायत."

ह्यांनी एक जोडी घेतली, घातली, मग उलटी करून घातली. चेहरा उतरला. "म्हणजे मेलाय तो माझाच कान."

लेकीने लगेच कानाच्या डॉक्टरांना फोन लावला. मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं मी चुकीच्या बाजूला बसून रुसले होते.

हे पुन्हा मशीनवर बसले, तसं मी स्टूल उचललं आणि उजवीकडे मांडलं.

"तिकडे बाही अडकेल चाकात," हे म्हणाले.

"अडकू दे." आणि ते जुनं वाक्य मी पुन्हा म्हटलं.

ह्यांनी मशीन थांबवलं. "परत म्हण."

"ऐकू नाही आलं?"

"आलं. म्हणूनच."