आनंदीची जाड चड्डी

मित्रांनो, हसायचं असेल तर आधी हसून घ्या. मी एका लहान मुलीची चड्डी आहे, आता जुनी झालेली. पण मी साधी चड्डी नव्हे. माझ्या आत मऊ टॉवेलच्या कापडाचे तीन थर शिवलेले आहेत. थोडीशी शू झाली, तर मी ती शोषून घेते, खाली थेंब पडू देत नाही. दुकानदार मला ट्रेनिंग पँट म्हणत असे.

बालाघाटच्या बाजारातून मला रचनाने आणलं, तिच्या अडीच वर्षांच्या आनंदीसाठी. रचना उकव्याला एका कार्यालयात नोकरी करते. तिची रजा दहा दिवसांत संपणार होती. आनंदीचे बाबा नागसेन तिरोडीला कामाला, ते फक्त रविवारी घरी येत. म्हणजे दिवसभर आनंदीजवळ एकट्या आजी, लीलाबाई. वर्षापूर्वी पडून आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ओल्या फरशीवर पाय पुन्हा घसरला, तर उचलायलाही कोणी नसणार, ही रचनाची धास्ती. म्हणून डायपर सोडवताना तिने साध्या चड्डीऐवजी मला निवडलं.

मी मन लावून काम केलं. फरशी कोरडी राहिली. मला दोरीवर वाळत घालताना रचना माझ्यावरून हात फिरवायची, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पण आनंदी शू करून तशीच खेळत बसायची. सगळी ओल मीच शोषून घेत होते, तिच्या अंगाला कळणार काय? आजींनी हे बरोबर ओळखलं.

"रचना, पोरीले समजूनच नाही राह्यलं," चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या. "ओलं लागतच नाही, तं थे सांगन काहून? साधी चड्डी घाल."

"अन् तुमी घसरल्या तं, आई?"

"मी भित्तीले धरून चालन."

रचनाने आनंदीला साधी चड्डी घातली. मग तिने मला खुंटीला अडकवलं. मला वाईट वाटलं. माझी काही चूक नव्हती, तरी मीच आडवी येत होते.

त्या दिवशी आठ चड्ड्या ओल्या झाल्या, दुसऱ्या दिवशी सात. फरशी पुसून पुसून रचनाचे हात पांढरे पडले, पण ती आनंदीवर एकदाही ओरडली नाही. तिसऱ्या दिवशी आनंदी खेळता खेळता थबकली. पायांवरून ओघळणाऱ्या धारेकडे बघत म्हणाली, "आजी, ओली."

"हौ बेटा, ओली. चाल, मोरीत जाऊ."

आजी घाईने उठल्या. पाऊल नेमकं ओल्या जागी पडलं आणि सरकलं. हात भिंतीवर होता म्हणून त्या वाचल्या. रचना धावत आली. तिने आजींना खुर्चीत बसवलं आणि खुंटीवरून मला ओढून काढलं. "बस झालं, आई. आता हेच घालू."

मित्रांनो, खरं सांगते, मला आनंद झाला. आणि लगेच त्या आनंदाची लाजही वाटली.

आजींना अजून धाप लागली होती. "ठेव थे परत," त्या म्हणाल्या. "आज पोरीनं पयल्यांदा स्वतः सांगितलं. आता मांगं नाही फिरायचं."

रचनाने मला पुन्हा खुंटीला लावलं. मग तिने आजींची खुर्ची मोरीच्या दाराशीच मांडली आणि वाटेवर कोरडं पोतं अंथरलं. आजींनी उठायचं नाही, आनंदीनेच त्यांच्याकडे यायचं, असं ठरलं.

रजेच्या शेवटच्या दिवशी आनंदी हातातली बाहुली टाकून पोत्यावरून धावत सुटली. "आजी, शू आली." ती मोरीत जाऊन बसली. चड्डी कोरडी होती. आजींनी तिला जवळ ओढलं. रचना दारातच उभी राहून डोळे पुसत होती.

सोमवारी रचना उकव्याच्या बसने कामावर गेली. दुपारी तिचा फोन आला, तेव्हा आजी म्हणाल्या, "एकच ओली झाली. मी खुर्चीतच आहो. तू काम कर."

पुढे तिरोडीच्या लांबच्या प्रवासात रचना मला आठवणीने आनंदीला घालायची. मग आनंदी मोठी झाली आणि मी तिला घट्ट होऊ लागले. आता मी पेटीत असते. माझी गरज संपली, याचं मला दुःख नाही.

मित्रांनो, तुमच्या धाकट्या भावंडाची चड्डी ओली झाली तर त्याला चिडवू नका, त्याला थोडे दिवस द्या. आणि घरात म्हातारं माणूस असेल, तर कोणी सांगायची वाट न बघता फडकं घ्या आणि फरशी पुसा.