कबऱ्याची घंटा नेपाळला जाते

मित्रांनो, मला देवळात शोधू नका, शाळेच्या ओसरीवरही नाही. मी बैलाच्या गळ्यातली एक जुनी पितळी घंटा आहे, आणि सध्या माझा मुक्काम एका सायकलच्या हँडलवर आहे.

माझा जन्म बुऱ्हाणपुरात, एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. तुकईथडच्या लोटूबाबांनी मला कानाशी धरून वाजवलं, मान हलवली आणि पोळ्याला आपल्या कबऱ्या बैलाच्या गळ्यात बांधलं. कबऱ्या केळीच्या घडांची गाडी ओढायचा, मी त्याची पावलं सांगायची. तो दमला की मी संथ, तो पाण्याकडे वळला की मी उतावीळ. लोटूबाबांची लेक पूर्णिमा माझ्या नादावर झोपायची, माझ्या नादावर उठायची.

मग ट्रॅक्टर आला. कबऱ्याला विकलं. टेम्पोत चढवलं तेव्हा मी त्याच्या गळ्यातच होते. इंजिनाच्या थरथरीनं मी नुसती खडखडत होते. त्या आवाजात चाल नव्हती. चिमुरडी पूर्णिमा धुळीत मागं धावत होती. जनावर विकलं तरी गळ्यातली घंटा घरी ठेवायची, ही आमच्या घरची रीत. ती लोटूबाबांना बांधाच्या वळणावर आठवली. टेम्पो थांबवून त्यांनी मला सोडवून घेतलं.

पुढं मी गोठ्यातल्या खुंटीवर. माझ्या पोटात कोळ्यानं घर केलं.

पूर्णिमा मोठी झाली, शिक्षिका झाली, बुऱ्हाणपुरात राहू लागली. दर रविवारी सायकलनं असीरगढाचा चढ चढू लागली. एक दिवस घरी येऊन म्हणाली, नेपाळ आडवा पार करणार, पूर्व सीमेवरच्या मेची नदीच्या पुलापासून पश्चिमेच्या महाकालीच्या पुलापर्यंत, आणि सगळा रस्ता आपल्याच पायांनी. तिचा भाऊ ललित पोट धरून हसला. "ताई, पहिल्याच घाटात ट्रकला हात देशील. देख लेना."

लोटूबाबा उठले. त्यांनी मला गोठ्यातून आणलं, चिंचेनं घासलं, हँडलला बांधलं. "दमलीस तं थांब, माय. ढकलत ने. पण ही चालणाऱ्याच्या गळ्यातली हाय, इतकं ध्यानात ठेव."

काय तो मुलूख, मित्रांनो! उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला कापणीला आलेलं भात, मधून सालवृक्षांचं रान, आणि रानातून मी वाजत चाललेली. चहाच्या टपरीवर बायका विचारायच्या, दिदी, तुझी गाय कुठं राहिली? पूर्णिमा सायकलकडे बोट दाखवायची, म्हणायची, हीच ती, फक्त दूध देत नाही.

मग दाउन्नेचा घाट आला. रस्ता खणलेला, धूळ घोट्यापर्यंत. पूर्णिमाचा उजवा गुडघा सुजला होता. एका टपरीपाशी ट्रक थांबला. ड्रायव्हर म्हणाला, बसा दिदी, वरपर्यंत सोडतो. ती कितीतरी वेळ चढाकडे बघत राहिली. मग तिनं हात दिला. सायकल मागच्या हौद्यात चढली, तीही माझ्याजवळ बसली.

ट्रक हलला आणि मी खडखडू लागले. तोच आवाज. टेम्पोतला.

तिनं मला मुठीत आवळून धरलं. मी गप्प झाले, पण तिनं ओळखलं होतं. ती उठली आणि केबिनवर हात आपटू लागली.

ड्रायव्हरनं ट्रक थांबवला, बिचारा गोंधळला. माथा आता दोन वळणांवर तर आहे, असं त्यानं समजावलं.

"मला माथा नकोय, भैया," ती म्हणाली. "मला जिथून बसवलंत, तिथं जायचंय."

सायकल उतरवून ती लंगडत घाट उतरली, थेट त्या टपरीपर्यंत. तिथं सायकल वळवली आणि पुन्हा चढ सुरू केला. थोडं पायडल, बरंचसं ढकलणं. मी संथ वाजत होते, भरली गाडी ओढणाऱ्या कबऱ्यासारखी.

महाकालीच्या पुलावर तिनं घरी फोन लावला. बाबा म्हणाले, आधी घंटी ऐकव. तिनं फोन माझ्यापाशी धरला आणि सायकल हातात घेऊन पूल ओलांडला. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग ते हळूच म्हणाले, "उजवा पाय दुखतो का, माय?"

तेव्हा कुठं ती रडली.

ललितला तिनं घरी येऊन खरं ते सांगितलं, की ट्रकला हात दिला होता. तो हसला नाही. मला काचेच्या कपाटात ठेवू म्हणाला. पूर्णिमानं ऐकलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी खुंटीवर कोणी गप्प बसलं असेल. त्याला नुसतं पुसून परत टांगू नका, कामाला जुंपा. आमची झीज झाली तर होऊ द्या. उद्या सकाळी पूर्णिमा शाळेला निघेल, तापीच्या पुलावरून, जैनाबादकडं. कान देऊन ऐका. गुडघा आता बरा आहे. माझ्या आवाजावरून तुम्हालाही कळेल.