पहिलं नको

धाकटी ज्या घरात वाढली तिथे पाहुण्याचं पहिलं 'नको' कोणी मनावर घेत नसे. दुसरं 'नको' ही नुसती रीत. तिसऱ्या खेपेला पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून वाढायचं. तिची आई सांगायची, "विचारल्याबरोबर हो म्हणतो तो हावरट, आणि एकदा विचारून गप्प बसतो तो कंजूष."

ही शिकवण पदरात बांधून धाकटी लग्न होऊन सासरी आली आणि पहिल्याच आठवड्यात उपाशी राहिली.

सासरी सगळा कारभार एका प्रश्नात उरकायचा.

"आणखी वाढू?" सासूबाई विचारत.

"नको," धाकटी लाजून म्हणे.

"बरं." की पातेल्यावर झाकण! त्या झाकणाचा आवाज धाकटीच्या थेट पोटात घुमायचा. शेजारी नवरा बोटं चाटून जेवत असे. आपली बायको अल्पाहारी आहे, याचं त्याला कौतुकच वाटत होतं.

एके दुपारी सासूबाई स्वयंपाकघरात डोकावल्या, तर सून ओट्याशी पाठमोरी उभी राहून, कोपरं अंगाशी चिकटवून, चोरासारखी कोरडा पाव खात होती.

"अगं, भूक होती तर जेवताना नको का म्हणालीस?"

"मला वाटलं, तुम्ही पुन्हा विचाराल."

"पुन्हा कशाला विचारू? मला ऐकू येतं चांगलं!"

आणि मग, पावाचा तो तुकडा सुनेच्या हातातच राहिलेला पाहून, सासूबाई हसायला लागल्या. त्या दिवसापासून घरात एक नवा प्रश्न आला. धाकटी नको म्हणाली, की सासूबाई डोळे बारीक करून विचारत, "हे खरं नको, की माहेरचं नको?" नवऱ्याला तर खेळच मिळाला. साधी खिडकी लावायची असली तरी तो चौकशी करी, "खरं, की माहेरचं?"

घरातलं असं निभावून गेलं. पण धाकटी ज्या पडद्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची तिथे अशी चौकशी करणारं कोणी नव्हतं.

लांबट खोली, भिंतीकडेने शिवणयंत्रं, आणि मधोमध कंबरेइतकं उंच कापणीचं टेबल. त्या टेबलाशी म्हातारे मास्तर उभे राहून कापड कापत. दोन पडदे शेजारी टांगले की एकावरची वेल दुसऱ्यावर तशीच पुढे गेली पाहिजे, हे सगळं मास्तरांच्या कात्रीवर. धाकटीचं यंत्र खिडकीपाशी होतं, उजेडाचं, सगळ्यांना हवंहवंसं. पण ती हाताने सरळ शिवण मारायची आणि डोळ्यांनी मास्तरांबरोबर कापायची. ती कात्री एकदा आपल्या हातात यावी, एवढं एकच तिला कधीपासून हवं होतं, आणि अर्थातच ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

मास्तरांची बोटं आता थरथरू लागली होती. शनिवारी संध्याकाळी मालकीणबाई धाकटीच्या यंत्रापाशी येऊन थांबल्या. बाई शब्दाला करड्या. दुपारी डबे उघडले की बायका एकमेकींना आग्रह करत, पण मालकीणबाईंना एकदाच विचारत. त्या 'नको' म्हणून आपला चहाचा कप घेऊन उभ्या राहत, आणि त्या 'नको'पुढे पुन्हा तोंड उघडायची धाकटीचीसुद्धा हिंमत होत नसे.

"मास्तर सोमवारपर्यंतच आहेत," त्या म्हणाल्या. "टेबल तू घेशील?"

धाकटीच्या ओठांशी आनंदाने 'हो' आलं. पण ते बाहेर पडण्याआधीच जीभ माहेरी जाऊन आली होती.

"छे छे, नको! मला कुठलं जमायला? बटणला द्या."

बटण म्हणजे पलीकडच्या यंत्रावरची तिची गोल चेहऱ्याची मैत्रीण. एवढं बोलून धाकटी खाली मान घालून, पुढच्या विचारण्याची वाट बघत बसली.

"बरं," मालकीणबाई म्हणाल्या. धाकटीने मान वर केली, तेव्हा त्या दाराबाहेर पडलेल्याही होत्या.

रात्रीचा स्वयंपाक करताना तिने एवढे कांदे चिरले, की सासूबाईंनी सुरी काढून घेतली.

"काय झालंय?"

"काही नाही."

"खरं काही नाही, की माहेरचं?"

मग सगळं बाहेर आलं. "त्यांनी पुन्हा विचारायला नको होतं का, आई?"

"तिने विचारलं, तू नको म्हणालीस. तिची काय चूक? अगं, मलाही हे कळायला तुला आठवडाभर उपाशी राहावं लागलं. तिला कसं कळावं?" सासूबाईंनी कांद्याचा ढीग बाजूला सारला. "आता सोमवारी जा आणि सरळ सांग, हवंय म्हणून."

"सरळ?"

धाकटी घाबरलीच. तिने देवाकडेही कधी सरळ मागितलं नव्हतं. रोज हात जोडून ती म्हणे, मला काही नको, सगळ्यांचं बरं कर. आणि मग डोळे मिटून जरा वेळ थांबायची. देव तरी आग्रह करील, अशी तिला आशा असे.

रविवारी जेवताना सासूबाईंनी डाव हातात घेऊन शिकवणी सुरू केली.

"वाढू?"

"चालेल."

"चालेल नाही. वाढू?"

"उरलं असेल तर…"

"उरलंय की नाही हे बघायला मी आहे. तुला हवंय का?"

धाकटीचे कान लाल झाले. "ह… हवंय."

"मलाही हवंय," नवरा म्हणाला.

"तुला कोणी विचारलं? तुझी शिकवणी पहिल्यापासून पक्की आहे."

सोमवारी टेबलावर निळी मखमल पसरलेली होती. मास्तर खडू शोधत होते. खडू त्यांच्या कानावर होता. मालकीणबाई कापड न्याहाळत होत्या. धाकटी समोर जाऊन उभी राहिली.

"मला हवंय."

"काय?"

एकदाच म्हणावं लागेल असं तिला वाटलं होतं. "टेबल. मला हवंय."

"शनिवारी तर नको म्हणालीस."

"ते पहिलं नको होतं."

"तुमच्याकडे नकोला नंबर असतात?"

"हो. तिसरं खरं असतं. कधी कधी तेही नसतं."

मास्तरांना ठसका लागला. मालकीणबाईंनी ओठ आवळले. "हे बघ, आमच्या घरात कोणी कोणाला दुसऱ्यांदा विचारत नाही. आज मी बटणला विचारणार आहे. आता नाही जमायचं."

"मला विचारलंत तर मी हो म्हणणार हं!" बटण तिकडून ओरडली. "आम्ही पुष्कळ भावंडं. कोणी काही देत असलं की आधी हात पुढे करायचा, काय आहे ते मागून बघायचं."

इथे सासूबाईंच्या घरचं माणूस असतं तर 'बरं' म्हणून परत फिरलं असतं. पण धाकटीचे कान आईने घडवले होते. त्या कानांना हे नुसतं पहिलं 'नाही' ऐकू आलं. आणि पहिल्या नाहीला कोण सोडतं?

"असं काय करता? द्या ना, थोडंसं तरी," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम तिच्या आईचा झाला होता. "एकच पडदा."

"नाही म्हटलं ना!"

"बरं, अर्धा. एवढ्याने काय होतंय? माझ्या समाधानासाठी."

मालकीणबाई बघतच राहिल्या. त्यांना इतकं कोणी कधी विनवलंच नव्हतं, ना देताना, ना मागताना. "अर्धा पडदा घेऊन मी करू काय?" त्या म्हणाल्या, पण आवाजातली धार गेली होती. "अख्खा काप. चुकलीस तर टेबल बटणचं."

कात्री वाटली होती त्याहून जड निघाली. धाकटीने आधी मखमलीवरून तळवा फिरवला. लव खाली झुकत होती. पडदा दोन भागांचा होता, आणि दोन्ही भागांची लव एकाच बाजूला गेली नाही, तर एक भाग निळा दिसतो आणि एक काळा. तिने खडूने दोन्ही भाग एकाच दिशेने आखले. पहिली वीतभर कात्री चालली ती भीतभीतच. मग हाताला वाट सापडली.

मास्तरांनी दोन्ही भाग शेजारी धरले. मालकीणबाईंनी त्यांच्यावरून वरून खाली हात फिरवला. रंग कुठेही तुटला नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. या 'बरं'ने मात्र झाकण लागलं नाही.

"मग खिडकीजवळचं यंत्र माझं!" बटण म्हणाली. कोणी काही म्हणायच्या आत तिचा डबा तिकडे पोचलाही होता.

दुपारी डबे उघडले. धाकटी आपला डबा घेऊन मालकीणबाईंपाशी गेली.

"घ्या ना."

"नको," मालकीणबाई म्हणाल्या. चहाचा कप हातात धरून, डब्याकडे बघत, त्या तशाच उभ्या राहिल्या. मग आजूबाजूला कोणी ऐकत नाही असं पाहून हळूच म्हणाल्या, "हं. पुढचं विचार."