काठावरचं फूल

ताईला अर्धांगवायूचा हलका झटका आला आणि ती माझ्या घरी राहायला आली. आली कसली, आम्ही आणली. तेव्हापासून माझ्या घरात एक गोष्ट धड नव्हती. पडदा तिरका, चहा पांचट, उशी दगडासारखी. ती डावखुरी, आणि गेला तो नेमका डावा हात. तो चालू लागला की ती तिच्या घरी जाणार होती. त्या हाताची वाट तिच्याइतकीच मीही पाहत होते.

हाताचे व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. तिने एकदा फुलं रंगवायचं पुस्तक आणलं. ताईने ते दोन बोटांनी बाजूला सारलं.

"हे फूल? ही तर पंख्याची पाती!"

"मग तुम्हीच काढा ना आजी, मनाने. नीट जमलं तर डॉक्टरांना सांगते, घरी एकट्या राहतील म्हणून."

ताईने पेन्सिली मागितल्या. मी टोकं काढून दिली.

"बोथट."

पुन्हा काढली.

"लांब हवं गं, लांब! जन्मभर सांगतेय."

मग तिने कागदाच्या अगदी डाव्या काठाला फूल काढायला घेतलं. उजवीकडच्या पाकळ्या तेवढ्या काढल्या. डावा हात अजून खांद्यापर्यंतही जात नव्हता, तरी तो टेबलावर टेकवून आधी फिकट, मग देठाजवळ गडद, असा गुलाबी रंग भरला आणि दम खायला थांबली. अर्धंच फूल.

मुलीचा चेहरा उतरला. तिने मला स्वयंपाकघरात नेलं. "डावी बाजू त्यांच्या लक्षातच येत नाहीये. अशा झटक्यानंतर होतं कधी कधी. एकटं राहणं कठीण आहे."

मला वाईट वाटलं. ताईसाठी की माझ्यासाठी, देव जाणे. आणि मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. ताईची सगळी नोकरी कापडगिरणीच्या डिझाइन खात्यात. तिला बोलवायला मी जायचे तेव्हा लांबलचक टेबलांवर सगळे पेन्सिलीने फुलंच रंगवत असायचे. कापडावर तेच चित्र पुन्हा पुन्हा छापायचं, म्हणून एका काठाला अर्धं फूल काढायचं आणि उरलेलं अर्धं समोरच्या काठाला. छापताना दोन्ही जुळतात. मधोमध अख्खं फूल म्हणजे त्यांच्या लेखी बालवाडी. मुलीला हे सांगतच मी बाहेर आले.

"अगं ताई, तिला सांगायचंस ना तसं!"

"काय सांगायचंय? दुसरा काठ राहिलाय अजून. बडबडू नका."

तिने उजव्या काठाला डाव्या पाकळ्या काढल्या, रंगवल्या. मग कागद गुंडाळून काठाला काठ लावला. पाकळ्या बोटभर खालीवर झाल्या होत्या.

मुलगी तर खूश. "आजी, झकास! घरी जायला काही हरकत नाही."

"हरकत कशी नाही? कापडाचं अख्खं थान वाया गेलं असतं!"

"तुला आता कुठलं थान छापायचंय?" मी ओरडलेच. "जा की बाई घरी!"

"जुळल्याशिवाय मी हलायची नाही. कागद आण दुसरा."

तिने कपाटाकडे बोट केलं. डाव्या हाताने, थेट खांद्याच्या वर उचलून. तिच्या ते लक्षातही आलं नाही. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी मुलीकडे. मग मी मुकाट्याने कागद आणला, कारण हाताबद्दल बोललो असतो तर त्यातही ताईने चूक काढली असती.