नूतनचा शनिवार

"बाई, तुमच्या कॉम्प्युटरनं मला गैरहजर केलाय! मी काल कामावर व्हतो!" टाइम ऑफिसच्या खिडकीतून गोविंदा ओरडला. मॅनेजरसाहेब समोरच उभे. नूतनचा चेहरा उतरला.

जुने कारकून हैबतराव मनातून खूश झाले. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, ही त्यांची शपथच होती. धाटावच्या त्या कारखान्यात कामगार शिफ्ट तोंडी बदलून घेत. गणपती जवळ आले की तर विचारूच नका. नूतनच्या हजेरीच्या प्रोग्रॅमला ही रीत ठाऊकच नव्हती; दुसऱ्याच्या शिफ्टला आलेला गोविंदा त्यात गैरहजर ठरला.

साहेब तडकले. "अर्धवट काम दाखवता कशाला? तुमच्या आधी प्रोग्रॅम करणाऱ्यांनी निदान काम पूर्ण तरी दिलं होतं."

"ते कुणी वापरलंच नाही, साहेब. माझं चुकलं ते आजच कळलं, बरं झालं. पुढच्या शनिवारी बघा."

"शेवटचा शनिवार. नाही जमलं तर गुंडाळायचं."

शहाण्णव साली पेणहून रोज एसटीने येणारी ही पोरगी भलतीच हट्टी. थोडंसं करायचं, शनिवारी लोकांपुढे मांडायचं, बोलणी खायची आणि सोमवारपासून सुधारायचं. "कुठं अडलं?" हा तिचा ठरलेला प्रश्न. बोलणी अशी मागून घेणारं माणूस हैबतरावांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात ती कँटीनमध्ये कामगारांतच बसली. कॉम्प्युटरवर जीव ओतून केलेला रंगीत तक्ता तिने स्वतःच्या हाताने पुसला आणि त्याच्या जागी दोनच रकान्यांचा साधा पडदा आणला: कोणाची शिफ्ट, कोण करणार. पुसताना तिचे डोळे भरले होते. हैबतरावांना ते बघवेना.

"काका, तुम्ही करून बघा."

"मला नाय जमायचं गो."

"तुम्हाला नाही जमलं तर चूक माझी."

असं आजवर त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. शपथ तिथेच मोडली. एका बोटाने त्यांनी नावं भरली, आणि जमलं.

शनिवारी बदललेल्या शिफ्ट नोंदवायला कामगारांनी खिडकीशी रांग लावली. एकही तक्रार आली नाही. "चालू ठेवा," साहेब म्हणाले, "पण गणपतीत तुम्ही इथेच थांबायचं." नूतनने मान हलवली. घरी गणपती आणायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं, हे तिने सांगितलं नाही. हैबतरावांना मात्र ते माहीत होतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी ती आली, तर तिच्या खुर्चीत हैबतराव. पडद्यावर तिचं नाव, पुढे त्यांचं.

"साहेबांना इचारलंय. जा गो, एसटी गाठ."

"आणि तुमच्या घरचा गणपती?"

"भाऊ हाय ना."

नूतन पडद्याकडे बघत राहिली. मग सवयीने म्हणाली, "कुठं अडलं, काका?"

"नाय," हैबतराव म्हणाले. "कुठंच नाय अडलं."