दोघांची वजनं

लुओ शियूफेनने मक्याचा उकडलेला गोळा मोडला, अर्धा दौदौच्या पुढ्यात टाकला आणि अर्धा कोटाच्या खिशात कोंबला. डोंगरात अर्धमेला सापडलेला हा पांडा तिने दूध पाजून वाढवला होता. आता पेकिंगहून निरोप होता: या पांडा-संगोपन ठाण्यावरच्या दोन पांडांपैकी जो धष्टपुष्ट, तो परदेशी सरकारला भेट. पांडाला कुणी विचारलं नव्हतं. तिला तर नाहीच.

म्हणून ती त्याला अर्धपोटी ठेवत होती. तरी दर खेपेला वजनाचा काटा वरच सरके.

"लुओताई, दौदौ फुगलाय की," शेजारच्या पिंजऱ्यातला दुसरा पांडा सांभाळणारा पेई म्हणाला. "हवा खातो काय?"

"तुमचा मुमू का वाळतोय, पेईदादा? त्याचं कोण खातं?"

"वय झालं त्याचं."

"वय तुमचंही झालंय. तुम्ही नाही वाळलात ते."

पेई हसला. फार लवकर हसला.

जेवणानंतर सगळं ठाणं डुलकी काढतं. त्या दुपारी शियूफेन मात्र बांबूच्या भाऱ्यांमागे बसून राहिली. पेई दबकत आला. त्याने मुमूच्या पुढचे गोळे उचलले आणि दौदौच्या गजांतून आत सरकवले. दौदौ दोन्ही हातांनी खात सुटला.

ती ओरडणार होती. पण मग स्वतःचा खिसाही दाखवावा लागला असता.

पेई गेल्यावर तिने खिशातला तुकडा मुमूला टाकला. मग रोजच टाकू लागली, आणि कधी अख्खे गोळेही. मुमू भरला. पेईचे डोळे बारीक झाले. दोघं एकाच शेगडीवर हात शेकत, एकमेकांना गरम पाणी ओतून देत आणि एकमेकांचे खिसे न्याहाळत.

पाहणीला पेकिंगहून कॉम्रेड हान आले. दोन्ही पांडा तोलले. काटा जवळजवळ एकाच जागी थांबला.

"दुसरा खंगलाय असं कळवलं होतं, म्हणून एकच नेणार होतो," हान म्हणाले. "हा तर ठणठणीत आहे. अशी सेवा दुसरीकडे पाहिली नाही. जोडीच पाठवू."

टाळ्या सुरू झाल्या. शियूफेन आणि पेईनेही वाजवल्या. बाकीचे थांबले तरी दोघं वाजवतच राहिले, एकमेकांच्या हातांकडे बघत.