नांगीतला दिवा

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो. दिवा म्हटल्यावर लगेच समई नाहीतर कंदील शोधू नका, सापडायचा नाही! मला तळहातावर ठेवून तुम्ही नुसता श्वास सोडलात, तरी मी गेलोच म्हणून समजा. सरकीवर बारीक लव असते ना, तिच्यात मी सहज हरवेन. अशा हजारो दिव्यांचा मिळून एक पडदा होतो आणि त्यावर आकडे उमटतात.

माझा जन्म फार लांबचा, समुद्रापलीकडचा. एका चकचकीत तबकडीवर आम्ही सगळे भाऊ दाटीवाटीनं वाढलो आणि पेटीत बसून यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला आलो. तिथं अनंतभाऊंचा छोटा कारखाना होता. फुलसावंगीची शीला शिकूनसवरून तिथं पडदे जुळवायची. एक रबरी शिक्का खाली यायचा, माझ्या शेकडो भावांना एकदम उचलायचा आणि पडद्यावर ओळीनं बसवायचा. माझ्या वेळेला शिक्का आला, टेकला आणि मला सोडूनच गेला की! तबकडीवर उरलो मी आणि इकडेतिकडे थोडे चुकार. खरं सांगतो, मला फार राग आला होता.

ती वर्षं कापसाला वाईट होती. बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली होती, हाती येईल तेवढा कापूस मोलाचा. बाजारात तो किती ओला आहे हे एका यंत्रानं मोजायचे आणि जास्त ओला निघाला तर भाव कापायचे. पण जुन्या यंत्राचा पडदा उन्हात दिसायचाच नाही. व्यापारी रुमालाची सावली धरून, डोळे बारीक करून जो आकडा सांगेल तो खरा! म्हणून शीलाला भर उन्हात लख्ख दिसणारा पडदा करायचा होता.

अडचण एकच होती. प्रत्येक पडद्यावर काही दिवे पेटतच नसत. ते उपटून काढता येत नसत, आणि शेजारी दुसरा बसवायला तसूभर जागा नसे. थोडे काळे ठिपके दिसले की अख्खा पडदा भंगारात. अनंतभाऊ मनाचे चांगले, पण तेही थकले.

"शीला, या हंगामात बाजारवाल्यांनी यंत्र घेतलं नाही, तर मी कुलूप लावतो," ते म्हणाले. "तू पुण्यात काही बघ."

शीलाचा चेहरा उतरला. घरी तिची आई मथुराबाई एकटीच वावर सांभाळत होती. तिला सोडून पुण्याला जायचं शीलाच्या जिवावर आलं होतं.

पेरण्या झाल्यावर ती घरी गेली आणि परतली ती घाईघाईनंच. हातातला डबा ठेवायच्या आधी बोलायला लागली.

"भाऊ, मी मायसोबत नांग्या भरून राह्यली होती. सरकी उगवत नाही त्या खाली जागेले आमी नांगी म्हनतो."

"मग?"

"मंग काय! नांग्या पडल्या म्हून कोनी अख्खं वावर मोडते का? जेथी उगवलं नाही तेथीच दाना लावतो नं! आपन पडदा काहून फेकतो?"

"म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोन-दोन दिवे? दुप्पट खर्च होईल, बाई!"

"दोन नाही वो! एकच लावू, बाजूले थोडी जागा सोडू. पेटवून पाहू. जो पेटला नाही, त्याच्याच बाजूले दुसरा बसवू. खाली जागेले कोन पैसे मांगते?"

अनंतभाऊ हसले. बऱ्याच दिवसांनी हसले बिचारे!

आणि दाणा म्हणून कोणाला लावलं असेल? आम्हालाच, तबकडीवर उरलेल्यांना! शीलानं सुईसारख्या चिमट्यानं मला अलगद उचललं आणि एका न पेटलेल्या भावाशेजारी टेकवलं. वीज आली. अहाहा! मी पेटलो, मित्रांनो! इतके दिवस धरलेला राग त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे.

वेचणीच्या दिवसांत शीला आमचा पडदा बसवलेलं नवं यंत्र घेऊन बाजारात गेली. ऊन असं, की डोळे उघडवेनात. अनंतभाऊ घाम पुसत एका बाजूला उभे. पहिलीच गाडी मथुराबाईची होती. व्यापाऱ्यानं यंत्राची सळई कापसात खुपसली. मी आकड्याच्या मधल्या रेघेत होतो. जीव मुठीत धरून पेटलो.

"आठ!"

आवाज व्यापाऱ्याचा नव्हता. मथुराबाई गाडीवरूनच ओरडली होती. "आठ हाय थे, सायेब!"

"थांब ना मावशी, मले पाहू तं दे!"

"पाहा नं पोटभर! मले येथूनच दिसून राह्यलं."

व्यापारी वाकला. सवयीनं रुमाल काढायला हात खिशात गेला आणि तसाच राहिला. "आठच हाय, बाप्पा! कापूस कोरडा. पुरा भाव."

सगळं आवार हसलं, मागच्या गाड्यांवरची माणसं पडदा बघायला धावली. मथुराबाई मात्र हसली नाही. पदर डोळ्यांना लावून ती लेकीला म्हणाली, "इतके वर्सं कापूस आनला, शीले, पन माह्या कापसाचा आकडा आज पह्यल्यांदा म्या वाचला." मला डोळे असते तर मीही रडलो असतो.

बाजारानं यंत्रं घेतली. अनंतभाऊंनी कुलपाचा विषय पुन्हा काढला नाही, आणि शीला दर सुट्टीला फुलसावंगीला जात राहिली.

पुढं मी बरेच हंगाम उन्हात काढले. धूळ खाल्ली, कोणीकोणी ओल्या हातांनी आणि खरखरीत बाहीनं पुसलं, नवी यंत्रं आल्यावर खणातही पडून राहिलो. आता एका शाळेच्या टेबलावर असतो. मुलं बटण दाबतात, मी पेटतो. तक्रार काही नाही. ज्या शीलानं माझ्यासाठी जागा ठेवली तिचे उपकार मी विसरणार नाही.

एवढंच मागतो, मित्रांनो, पडदा मऊ कोरड्या फडक्यानं पुसत जा. आणि एक दिवस मी विझेन, तेव्हा एका काळ्या ठिपक्यापायी सगळा पडदा फेकू नका. माझ्या शेजारी थोडी जागा शोधा आणि तिथं मागं राहिलेला एखादा बसवा. रागावलेला असेल तो. त्याला पेटू द्या.